झांझिबारची दगडी नगरी

मुंबईपासून नैर्ऋत्येस सुमारे साडेचार हजार किलोमीटर अंतरावर, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर, हिंदी महासागरात उंगुजा नावाचे एक बेट आहे. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे सहा अंशांवर असून त्याची लांबी सुमारे 85 किलोमीटर आहे. आफ्रिकेची मुख्य भूमी आणि हे बेट यांच्यामध्ये जेमतेम 35 किलोमीटर रुंदीचा समुद्र पसरलेला आहे. उंगुजा आणि त्याच्या उत्तरेकडील पेंबा ही दोन मोठी बेटे व त्यांच्या आसपासची लहान बेटे यांना मिळून जग झांझिबार या नावाने ओळखते. आज हा प्रदेश टांझानिया या देशाचा भाग आहे.

उंगुजा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर जमिनीचा एक त्रिकोणी तुकडा समुद्रात पुढे आलेला आहे. त्यावर एक जुने बंदर वसले आहे. तेथील घरे दगडी आहेत, म्हणून परदेशी लोक त्याला 'दगडी नगरी' म्हणतात. स्थानिक लोक आपल्या स्वाहिली भाषेत त्याला 'म्जी म्कोंग्वे', म्हणजे 'जुने गाव', असे म्हणतात. 2000 साली या नगरीचा समावेश जागतिक वारसा स्थळांच्या यादीत करण्यात आला. जुनी गावे जगात पुष्कळ आहेत. पण एका लहानशा नगरीत मानवाच्या कर्तृत्वाच्या आणि मानवाच्या क्रौर्याच्या खुणा इतक्या जवळजवळ क्वचितच पाहावयास मिळतात.

ही नगरी पाहण्यासाठी देशोदेशींच्या प्रवाशांच्या टोळ्या येतात. बहुतेक मंडळी दार-एस-सलाम बंदरातून वेगवान बोटीने निघतात आणि सुमारे दोन तासांत झांझिबारच्या धक्क्याला लागतात. 'करीबू', म्हणजे 'यावे, स्वागत असो', असे म्हणून वाटाड्या त्यांना सामोरा जातो. गल्ल्यांचे जाळे पाहून नवखा माणूस गोंधळतो. तेव्हा वाट चुकण्याची भीती बाळगू नये, असे त्याला सांगण्यात येते. कारण येथील कोणतीही गल्ली धरली तरी ती शेवटी एक तर समुद्राला किंवा पूर्वेकडील हमरस्त्याला जाऊन मिळते. त्या हमरस्त्याच्या जागी पूर्वी एक खाडी होती. ती पुढे भर घालून बुजविण्यात आली.

नगरी पाहण्याचा आरंभ समुद्रकिनाऱ्यापासून करणे योग्य. कारण ही नगरी समुद्राने आणि वाऱ्याने घडविली आहे. येथे आजही त्रिकोणी शिडांची लाकडी गलबते नांगर टाकून उभी असलेली दिसतात. त्यांना 'ढाऊ' असे म्हणतात. जुन्या काळी अशा काही गलबतांच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. त्या काळी वाफेचे यंत्र नव्हते. गलबताला पुढे नेणारी शक्ती एकच. ती म्हणजे वारा.

हिंदी महासागरावरील वारा हा मोठा वक्तशीर आहे. हिवाळ्यात आशिया खंडाची भूमी थंड होते आणि तिच्याकडून समुद्राकडे वारे वाहू लागतात. साधारणतः डिसेंबर ते मार्च या काळात हे ईशान्येचे वारे आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. झांझिबारमध्ये त्यांना 'कास्काझी' म्हणतात. उन्हाळ्यात आशियाची भूमी तापते आणि वाऱ्याची दिशा उलटते. एप्रिलपासून झांझिबारमध्ये दक्षिणेकडील 'कुसी' वारा वाहू लागतो. हाच प्रवाह विषुववृत्त ओलांडून नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येतो व पाऊस आणतो. मृग नक्षत्र लागताच महाराष्ट्रातील शेतकरी ज्या वाऱ्याची वाट पाहतो, त्याच वाऱ्याची वाट झांझिबारच्या धक्क्यावर बसलेला खलाशीही पाहत असे. मात्र शेतकऱ्याला तो पाऊस देई, तर खलाशाला तो घरची वाट दाखवी.

कच्छ, मलबार, मस्कत आणि इराणचे आखात येथील गलबते कास्काझी वाऱ्याबरोबर दक्षिणेस येत. ती कापड, मणी, खजूर, भांडी असा माल आणीत, आणि जाताना हस्तिदंत, लवंगा व राळ घेऊन जात. हा हस्तिदंत पुष्कळदा मुंबई बंदरात उतरे आणि त्याच्या बांगड्या होत. परंतु येणे आणि जाणे यांच्यामध्ये महिनोन् महिने जात. कारण वारा फिरल्याखेरीज गलबताला परतता येत नसे. या सक्तीच्या मुक्कामात व्यापाऱ्यांनी वखारी बांधल्या, घरे बांधली, कित्येकांनी तेथेच लग्ने केली. आफ्रिकी, अरब, इराणी आणि भारतीय लोक एका किनाऱ्यावर एकत्र नांदू लागले. अशा रीतीने वाऱ्याने माणसे आणली, वाऱ्यानेच ती थांबविली, आणि त्यांतून हे गाव उभे राहिले.

किनारा सोडून गावात शिरले, की उन्हाचा ताप एकाएकी कमी होतो. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की समोरासमोरील उंच भिंतींची सावली दिवसभर त्यांत असते. भिंती प्रवाळखडकाच्या आहेत. समुद्रातील बारीक जीवांच्या सांगाड्यांपासून बनलेला हा खडक हलका व सच्छिद्र असतो. कोकणात जसा जांभा दगड, तसा झांझिबारात प्रवाळखडक! तो चुन्यात बसवून जाड भिंती उभारीत आणि वर पुन्हा चुन्याचा गिलावा देत. छपरासाठी खाडीतील खारफुटीच्या झाडांचे वासे आडवे टाकीत. हे वासे फार लांब मिळत नसत. त्यामुळे खोलीची रुंदी साधारण तीन मीटरांपलीकडे जात नसे. म्हणून येथील श्रीमंताच्या घरातही खोल्या लांबट परंतु अरुंद असतात. एका झाडाच्या लांबीने साऱ्या गावातील घरांचे माप ठरविले, हे पाहून प्रवाशांना नवल वाटते.

घरांच्या बाहेर, भिंतीला लागून, दगडी ओटे आहेत. त्यांना 'बाराझा' म्हणतात. आपल्याकडील खेड्यांत ओट्याला जे स्थान, तेच तेथे बाराझाला आहे. संध्याकाळी म्हातारे लोक ओट्यावर बसून कडू कॉफीचे घोट घेतात. कोणी लाकडी पाटावरील खळग्यांत बिया टाकून 'बाओ' नावाचा खेळ खेळतात. जाणारा-येणारा थांबतो, विचारपूस करतो आणि पुढे जातो. जोराचा पाऊस पडून गल्लीतून पाणी वाहू लागले, की लोक या ओट्यावरून चालत जातात.

या नगरीचे खरे भूषण म्हणजे तिचे दरवाजे. असे कोरीव दरवाजे येथे शेकडो आहेत. धनिक मनुष्य घर बांधावयास निघाला, की तो आधी दरवाजा करवून घेई व मग त्याच्या मागे घर उभे राही, असे सांगतात. जुन्या अरबी पद्धतीच्या दरवाजाची वरची पट्टी सरळ असते आणि तिच्यावर अरबी अक्षरांतील वचन कोरलेले असते. भारतीय पद्धतीच्या दरवाजावर बहुधा कमान असते आणि फळ्यांवर मोठमोठे पितळी खिळे टोके वर करून बसविलेले असतात. चौकटीवर कमळे, वेली, मासे, साखळ्या यांची नक्षी दिसते. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्याने पाहिला असेल, त्याला असे खिळे ओळखीचे वाटतील. शनिवारवाड्यावर ते शत्रूच्या हत्तींची धडक अडविण्यासाठी लावले होते. झांझिबारच्या गल्लीत हत्ती शिरणार कोठून? तेथे ते केवळ शोभेसाठी आणि ऐश्वर्य दाखविण्यासाठी उरले. गरज संपली तरी रीत कशी टिकून राहते, याचे हे गमतीदार उदाहरण होय.

भारतीयांचा हा संबंध केवळ दरवाजांपुरता नाही. कच्छ आणि काठेवाडातील भाटिया, खोजे व बोहरी व्यापारी येथे पिढ्यान् पिढ्या राहिले. जयराम शिवजी या कच्छी व्यापाऱ्याच्या पेढीकडे एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षे बंदराच्या जकातीचा मक्ता होता. थारिया तोपन या दुसऱ्या भारतीय व्यापाऱ्याने उभारलेला, लाकडी नक्षीच्या सज्जांचा जुना दवाखाना आजही बंदरासमोर उभा आहे. गोव्याहून आलेल्या लोकांनी शिंपीकाम, कारकुनी आणि छायाचित्रण या व्यवसायांत नाव मिळविले. 1946 साली याच नगरीत जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा शिक्षणासाठी पाचगणीच्या शाळेत आला होता. पुढे इंग्लंडमध्ये फ्रेडी मर्क्युरी या नावाने तो जगप्रसिद्ध गायक झाला.

येथील भाषेतही हा शेजार ऐकू येतो. 'स्वाहिली' हे नावच मुळी 'किनारा' या अर्थाच्या अरबी शब्दापासून आले आहे. ही भाषा आफ्रिकी आहे. परंतु तिने पाहुण्यांचे शब्द मोकळ्या मनाने घेतले. स्वाहिलीत गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी' आणि पैशाला 'पेसा' म्हणतात. चपाती तर तेथेही चपातीच आहे. काही शब्द अरबी व फारसी भाषांतून दोन्हींकडे स्वतंत्रपणे गेले. म्हणून आपला 'वकील' तेथे 'वाकिली' होतो, 'दुकान' 'दुका' होते आणि 'रंग' 'रांगी' होतो. मराठी प्रवाशाच्या कानांवर असे शब्द पडले, की अनोळखी गर्दीत गावाकडचा माणूस भेटल्यासारखे त्याला वाटते.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले आणि सुमारे दोनशे वर्षे त्यांचा अंमल राहिला. त्यांना ओमानच्या अरबांनी घालवून दिले आणि बंदरावर किल्ला बांधला. त्याच्या तांबूस-काळपट भिंती अजून उभ्या आहेत. पुढे 1840 च्या सुमारास ओमानचा सुलतान सय्यद सईद याने आपले राहण्याचे ठिकाण मस्कतहून झांझिबारला हलविले. तेव्हापासून या गावाचा भाग्योदय झाला. या भाग्योदयाला एका इवल्याशा कळीचा सुगंध होता. ती कळी म्हणजे लवंग.

लवंग ही एका झाडाची न उमललेली कळी होय. कळ्या उमलण्याआधी हातांनी खुडाव्या लागतात, मग त्या चटयांवर पसरून काळसर तपकिरी होईपर्यंत उन्हात वाळवितात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही झाडे झांझिबारमध्ये आणण्यात आली आणि थोड्याच दशकांत हे बेट जगातील सर्वांत मोठे लवंगेचे आगर बनले. लवंगेचा पैसा गावात खेळू लागला. दगडी घरे उंच झाली, दरवाजांवरील नक्षी दाट झाली.

परंतु लाखो झाडांवरील इवल्या कळ्या खुडावयाच्या, तर हजारो हात हवेत. ते हात कोणाचे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रवाशांना गावाच्या पूर्व भागात जावे लागते.

या भागाला 'म्कुनाझिनी' म्हणतात. बोरीच्या झाडाला स्वाहिलीत 'म्कुनाझी' हा शब्द आहे. तेव्हा या नावाचा अर्थ 'बोरीपाशी' असा होतो. इतक्या साध्यासुध्या नावाच्या या जागेवर 1873 पर्यंत माणसांचा बाजार भरत असे. आफ्रिकेच्या अंतर्भागातून, न्यासा आणि टांगानिका या सरोवरांच्या प्रदेशांतून, स्त्रिया, पुरुष आणि मुले यांना धरून आणीत. मानेत जोखड, पायांत बेड्या अशा स्थितीत त्यांना शेकडो किलोमीटर चालवीत. कित्येक जण वाटेतच मरून पडत. उरलेल्यांना किनाऱ्यावर गलबतांत कोंबून येथे आणीत आणि गुराढोरांप्रमाणे दात व दंड तपासून विकीत. काही जण लवंगेच्या मळ्यांवर जात, काही आखाती देशांतील खजुरीच्या बागांत, तर काही युरोपीय मळेवाल्यांच्या ऊस पिकविणाऱ्या बेटांवर. सुलतानाला दर माणसामागे जकात मिळे. या व्यापारासाठी लागणारे भांडवल पुष्कळदा भारतीय सावकारांच्या पेढ्यांतून येई, आणि त्यांतील अनेकांच्या घरीही गुलाम राबत असत. 1860 च्या सुमारास क्रिस्टोफर रिग्बी हा मुंबई लष्करातील अधिकारी येथे ब्रिटिश सरकारचा वकील होता. त्याने भारतीयांच्या ताब्यातील हजारो गुलामांना मुक्त करविले. यावरून भारतीयांचा या पापातील वाटा किती मोठा होता, ते कळून येते.

ज्या वाऱ्याने कापड आणि खजूर आणले, त्याच वाऱ्याने बेड्या घातलेली माणसेही नेली. ज्या पैशाने कमळे कोरली गेली, त्याच पैशात या माणसांचे मोलही मिसळलेले होते. हे समजल्यावर प्रवाशांच्या टोळीतील गलबला आपोआप थांबतो.

हा बाजार बंद पडला, तो सहजासहजी नव्हे. 1872 साली मोठे वादळ होऊन उंगुजा बेटावरील लवंगेची असंख्य झाडे उन्मळून पडली होती. अशा आपत्तीत गुलामांचा व्यापार सोडून देण्यास सुलतान बर्गाश तयार होईना. हा सुलतान तरुणपणी राज्यासाठी बंड केल्यामुळे सुमारे दोन वर्षे मुंबईत हद्दपारीत राहिलेला होता. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर हे ब्रिटिश सरकारच्या वतीने 1873 च्या आरंभी त्याच्याशी बोलणी करण्यास आले; पण त्यांना हात हलवीत परतावे लागले. शेवटी इंग्रज आरमार बंदराची कोंडी करील, अशी धमकी मिळाल्यावर 5 जून 1873 रोजी बर्गाशने तहावर सही केली आणि बाजार कायमचा बंद झाला. तथापि बाजार बंद झाला म्हणजे गुलामगिरी संपली, असे नव्हे. तिला कायद्याचा आधार 1897 पर्यंत राहिला, आणि तिचे पुरते उच्चाटन होण्यास 1909 साल उजाडले.

बाजाराच्या जागेवर 1873 च्या अखेरीस एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचा पाया घालण्यात आला. जेथे एका झाडाला बांधून गुलामांना फटके मारीत, नेमक्या त्याच जागी आतील वेदी उभी आहे, असे सांगतात. मंदिराच्या आवारात एक खड्डा बांधून काढलेला आहे. त्यात माणसांच्या पाच मूर्ती उभ्या आहेत. त्यांच्या गळ्यांत खऱ्या लोखंडी साखळ्या आहेत. क्लारा सॉर्नास या शिल्पकर्त्रीने 1998 साली हे स्मारक घडविले. स्मारके बहुधा उंच चौथऱ्यावर असतात आणि पाहणाऱ्याला मान वर करावी लागते. येथे मात्र मान खाली घालावी लागते.

या दुःखाच्या कथेचा एक धागा महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. गुलामांनी भरलेली गलबते इंग्रज आरमार समुद्रात पकडीत असे, आणि त्यांतून सोडविलेल्या मुलांपैकी काहींना मुंबईस आणीत. त्यांतील कित्येकांना नाशिकजवळील शरणपूर येथील ख्रिस्ती मिशनच्या आश्रयस्थानी ठेवण्यात आले. तेथे ती लिहावयास-वाचावयास शिकली. सुतारकी, लोहारकी यांसारखे उद्योग शिकली. आईबापांपासून तुटलेली ही आफ्रिकी मुले गोदावरीच्या काठी लहानाची मोठी झाली. नाशिकमधील शरणपूर हे नाव आजही टिकून आहे.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा संशोधक गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जन्मभर लिहीत आणि बोलत होता. 1866 साली तो मुंबईहून झांझिबारला आला, तेव्हा नाशिकला शिकलेले काही तरुण त्याच्याबरोबर होते. 1872 साली त्यांच्यासारखेच आणखी काही जण त्याला जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. 1873 च्या मे महिन्याच्या आरंभी आफ्रिकेच्या अंतर्भागात चितांबो या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला. झांझिबारचा बाजार बंद होण्यास तेव्हा जेमतेम पाच आठवडे उरले होते; ती वार्ता त्याच्या कानी कधीच पडली नाही. त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या झाडावर जेकबने त्याचे नाव कोरले. नंतर चुमा आणि सूसी यांच्या पुढारपणाखाली त्यांनी देह वाळवून, गुंडाळून, दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणला. या प्रवासाला सुमारे नऊ महिने लागले. वाटेत रोगराई होती, उपासमार होती, आणि त्यांना कोणी तशी आज्ञाही केलेली नव्हती. तो देह झांझिबारमार्गे इंग्लंडला नेण्यात आला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर येथे दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये जेकब वेनराइटही होता. बालपणी ज्याला गुलाम केले होते, तो आता एका मोठ्या राष्ट्राच्या शोकसभेत मानाने उभा होता. नाशिकच्या इतर अनेक तरुणांनी 1875 नंतर मोंबासाजवळ फ्रियरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारण्यास हातभार लावला.

म्कुनाझिनीहून प्रवासी पुन्हा समुद्रकिनाऱ्याकडे वळतात. तेथे सुलतान बर्गाशने 1883 साली बांधलेला एक प्रचंड वाडा आहे. त्याचे नाव 'बैत-अल-अजाइब', म्हणजे आश्चर्यांचे घर. मराठीतील 'अजब' हा शब्द याच अरबी शब्दाच्या कुळातला आहे. चोहोंबाजूंनी ओतीव लोखंडाच्या खांबांचे सज्जे, आत विजेचे दिवे आणि वर नेणारा पाळणा ही त्या काळच्या पूर्व आफ्रिकेत खरोखरच आश्चर्ये होती. याच बर्गाशने गावात नळाचे पाणी आणले. 1890 साली झांझिबार इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेले. 27 ऑगस्ट 1896 रोजी, इंग्रजांना नको असलेला वारस गादीवर बसला म्हणून, त्यांच्या युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या. सुमारे 38 मिनिटांत लढाई संपली; पण तेवढ्या वेळात बेटाच्या बाजूचे सुमारे 500 लोक ठार किंवा जखमी झाले. इतिहासातील सर्वांत थोडा वेळ चाललेले युद्ध म्हणून लोक त्याची गंमत सांगतात. ज्यांची माणसे गेली त्यांना ती गंमत वाटली नसेल.

10 डिसेंबर 1963 रोजी झांझिबार स्वतंत्र झाले. परंतु मळ्यांचे मालक आणि मळ्यांवर राबणारे यांच्यातील जुनी दरी बुजलेली नव्हती. 12 जानेवारी 1964 रोजी तेथे क्रांती झाली आणि सुलतानाची सत्ता संपली. त्या धुमाळीत अनेक अरब व भारतीय लोकांचे प्राण गेले आणि हजारो कुटुंबांनी बेट सोडले. एका अन्यायाचा राग निरपराध माणसांवरही कोसळला. 26 एप्रिल 1964 रोजी झांझिबार व टांगानिका एक झाले. त्या संयुक्त देशाला पुढे टांझानिया हे नाव मिळाले.

मालक निघून गेले आणि दगडी घरे ओस पडली. चुन्याची भिंत ही माणसाच्या हाताला सवयीची असते. तिला ठराविक वर्षांनी नवा गिलावा आणि छपराची डागडुजी लागते. तसे झाले नाही, तर पावसाचे पाणी वाशांत मुरते, वासे कुजतात आणि भिंती फुगून ढासळतात. सिमेंटचा लेप देऊन हे काम भागत नाही. कारण सिमेंट ओलावा आत कोंडून ठेवते. अशा रीतीने येथील कित्येक घरे पडली. 25 डिसेंबर 2020 रोजी तर आश्चर्यांच्या घराचा एक भाग मनोऱ्यासह कोसळला आणि दोन माणसे दगावली. तेव्हापासून, जुने जतन करणे हे हौसेचे काम नसून निकडीचे काम आहे, ही जाणीव अधिक तीव्र झाली आहे. चुन्याचे काम व लाकडावरील नक्षी जाणणारे कारागीर टिकवावे लागतात; कारण कारीगर गेला, की इमारत वाचविणारा हातच उरत नाही.

दिवस कलला, की किल्ल्यासमोरील फोरोधानी बागेत दिवे लागतात. मासळी आणि भाकऱ्या भाजणाऱ्यांची रांग लागते, उसाचे चरक फिरू लागतात, आणि बंदराच्या कठड्यावरून मुले समुद्रात उड्या घेतात. आफ्रिकी, अरब, भारतीय अशा कुळांतील लोक एकाच बाकावर बसून खातात. ज्यांना एकेकाळी एका वाऱ्याने येथे आणले, त्यांचे वंशज आज एकाच गावाला आपले म्हणतात.

झांझिबारची दगडी नगरी पाहून परतणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे राहतात. एक पितळी खिळ्यांच्या कोरीव दरवाजाचे, आणि दुसरे खड्ड्यात उभ्या असलेल्या त्या पाच मूर्तींचे. यांपैकी एकच चित्र घेऊन जो जाईल, त्याने अर्धेच गाव पाहिले. झांझिबारच्या लोकांनी आपले दरवाजे जपले, तसेच आपल्या इतिहासातील लज्जास्पद जागाही झाकून न टाकता उघड्या ठेवल्या, हे विशेष होय. कोणताही जुना वाडा, किल्ला किंवा बंदर पाहताना ते कोणी बांधविले, हे आपण विचारतोच. त्यासाठी कोण राबले, हेही विचारले पाहिजे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दरवाजावर कोरलेले नसते. ते शोधावे लागते. कधी कधी ते झांझिबारच्या बोरीपाशी सापडते, तर कधी नाशिकच्या शरणपुरात.